सकाळचा शब्द

“चांगला आहे की वाईट, एवढंच सांगा बुवा.”

पंडितने कागद पुढे धरला होता. घाट चढून आल्यामुळे त्याला धाप लागली होती, आणि कागद त्याच्या हातात फडफडत होता.

पारेबुवांनी कागदाकडे पाहिलं नाही. ओसरीवर बसून ते एक दगडी खल ओल्या फडक्याने पुसत होते.

“कोण चांगला की वाईट?”

“शब्द.”

“हं…”

बुवांनी खल उन्हात उपडा घातला. मग पंडितच्या खांद्यावरच्या काठीकडे बघितलं. काठीच्या टोकाला दोरीने बांधलेलं एक मडकं लोंबत होतं. मडक्याच्या तोंडावर पांढरं फडकं होतं. अंगाला लागू नये म्हणून पंडितने ती काठी हातभर लांब, साप धरावा तशी धरली होती.

“ते बाहेर अडकव. त्या उंबराला,” बुवा म्हणाले. “उंबऱ्याच्या आत आणायचं नसतं.”

पंडित मागे फिरला. त्याने काठी आडवी करून दोरीचा फास फांदीत अडकवला. मडक्याला बोटसुद्धा लागू दिलं नाही.

बुवा बघत होते.

मठ म्हणजे नदीच्या काठावरची दगडी ओसरी आणि मागे दोन खोल्या. बुवा तिथे चाळीस वर्षं पाऱ्याची औषधं करत आले होते. म्हणून ते पारेबुवा. त्यांचं खरं नाव गावात कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि बुवांनाही ते लागत नसावं.

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला जाड चष्म्याचे एक गृहस्थ लसूण सोलत बसले होते. कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले ठोसर सर. बुवांकडून विद्या घ्यायला आले होते. सहा महिने झाले होते. सहा महिन्यांत बुवांनी त्यांना एकच काम दिलं होतं… लसूण सोलण्याचं. पारा धुवायला लसूण लागतो.

“इंग्रजी शब्द आहे का?” ठोसर सरांनी मान वर केली. “इकडे आण. बुवांना काय दाखवतोस!”

पंडितने कागद दिला.

तो कागद परदेशातून आला होता. एक बाई दर हिवाळ्यात लेण्यांमधली चित्रं उतरवून घ्यायला यायची. पंडितचा मोठा भाऊ हिरामण पाच हिवाळे तिला जीपमधून फिरवत होता. हिरामण गेल्याचं तिला कोणीतरी कळवलं. तिने पाच ओळी लिहून पाठवल्या. गावातल्या मास्तरांनी त्या वाचल्या आणि एका शब्दावर अडखळले. मग डिक्शनरी काढून म्हणाले, चंचल. लहरी. घडीत असा, घडीत तसा.

पंडित मास्तरांच्या अंगावर धावून गेला होता. दोघांनी धरला म्हणून बरं. शेवटी मास्तर लांबूनच ओरडले, अरे, पाऱ्यासारखा असा अर्थ आहे, मला काय मारतोस, पाऱ्याचं त्या पारेबुवाला विचार!

म्हणून तो इथे आला होता.

“मर्क्युरियल!” ठोसर सरांनी शब्द तोंडात घोळवला. चेहरा खुलला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना कोणी त्यांच्या विषयातलं विचारलं होतं. “वा! सुंदर शब्द आहे. नाव काय तुझं?”

“पंडित.”

“शिक्षण?”

“चौथी.”

“पास?”

“…नाही.”

“नाव ठेवणाऱ्याने घाई केली म्हणायची.”

पंडितच्या मुठी वळल्या. बुवा नुसते खाकरले. सरांनी घाईने चष्मा सावरला.

“ऐक. रोमन लोकांचा एक देव होता, मर्क्युरी. बाकीच्या देवांचा निरोप्या. पायांना पंख. आत्ता इथे, आत्ता तिथे. व्यापाऱ्यांचा देव तोच, वाटसरूंचा तोच आणि चोरांचाही तोच.”

“चोरांचा?”

“मधे बोलू नकोस. आकाशात जो ग्रह सगळ्यांत भरभर पळतो, त्याला त्यांनी या देवाचं नाव दिलं. आपण त्याला बुध म्हणतो. मग धातूंमध्ये जो पळतो, हातात ठरत नाही, त्याला त्या ग्रहाचं नाव दिलं. तो पारा. आणि मग माणसांमध्ये जो तसा… त्याला म्हणायला लागले मर्क्युरियल. सुरुवातीला त्या ग्रहाच्या प्रभावाखाली जन्मलेला, एवढाच अर्थ. हुशार, बोलका, चपळ. पुढे पुढे लोकांच्या ध्यानात त्याचं बदलणंच राहिलं. आत्ता हसतोय, आत्ता भडकला.”

“म्हणजे मास्तर म्हणाला तेच,” पंडित म्हणाला. “भरवशाचा नाही.”

“अगदी तसं नाही, पण…”

“तेच ना!” पंडितचा आवाज चढला. “पाच वर्षं त्याच्या जीपमध्ये बसली. तिला ताप आला तर अण्णा रात्रभर दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. आणि मेल्यावर हे लिहिलं? मला उत्तर लिहून द्या सर. मी सांगतो तसं. शिव्यांसकट.”

“अरे पण तो शब्द शिवी नाही.”

“मग काय आहे?”

ठोसर सरांनी लसणाची एक पाकळी उचलली, खाली ठेवली.

“आणखी एक राहिलंच,” ते म्हणाले. “मेलेल्या माणसांना पलीकडे पोचवायचं काम पण त्याच देवाकडे होतं.”

बुवांनी पहिल्यांदाच मान वर केली.

“कोणाकडे?”

“मर्क्युरीकडे. पाऱ्याच्या देवाकडे. वाटाड्या म्हणून.”

“हं,” बुवा म्हणाले. “हे चांगलं सांगितलंत.”

ठोसर सर इतके सुखावले, की चार पाकळ्या भराभर सोलून मोकळे झाले.

बुवा आत गेले आणि चिनी मातीची एक वाटी घेऊन आले. ती पंडितसमोर ठेवली.

वाटीत पारा होता. तळाशी बसलेला, जड, लखलखीत. बुवांचा पाय ओसरीच्या फरशीवर टेकला तेवढ्यानेही तो हलला.

“बघ. हा तुझा शब्द.”

पंडित वाकला. त्याने आयुष्यात पारा पाहिला होता तो फक्त तापाच्या काडीत, केसाएवढा.

“उचल.”

त्याने चिमूट घातली. चिमटीत काही आलं नाही. पुन्हा घातली. पारा बोटांखालून सटकला. तिसऱ्यांदा त्याने सगळी मूठच आवळली, आणि वाटी कलंडली.

पारा फरशीवर सांडला. शंभर थेंब चहूकडे धावले. काही फटीत गेले, एक ठोसर सरांच्या टोपलीखाली गेला.

“अरे अरे अरे!” ठोसर सर पाय वर घेऊन बसले.

पंडित गुडघ्यांवर आला आणि बोटांनी थेंब टिपायला लागला. एकाचे दोन होत. दोनाचे चार. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

“असाच होता!” तो एकदम ओरडला. “असाच होता मेला! हातात यायचाच नाही. सकाळी पट्ट्याने मारायचा आणि संध्याकाळी गरम जिलबी घेऊन यायचा. कोणता खरा धरायचा माणसाने?”



“बोटांनी येत नाही तो,” बुवा म्हणाले. “कागद घे. पुढे सरकव. नुसता जवळ ने. हाकलू नकोस.”

कागद एकच होता. पत्राचा.

पंडितने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग मधोमध घडी घातली, पन्हळीसारखी, आणि फरशीला लावून हळूच पुढे सरकवली. एक थेंब चढला. दुसरा त्याला भिडला, आणि दोघांमधली रेघ नाहीशी झाली. तिसरा. चौथा. जे थेंब धुळीने माखले होते ते एकमेकांना टेकून नुसतेच बसून राहिले, मिळेनात.

“ते फडक्यातून पीळ.”

बुवांनी चार पदरी फडकं दिलं. पंडितने मळके थेंब त्यात घातले आणि पिळले. फडक्यातून बारीक धारा सुटल्या आणि वाटीत पडता पडता एक झाल्या. फडक्यात धूळ राहिली.

वाटी पुन्हा पहिल्यासारखी भरली.

“आता यातला सकाळचा कोणता आणि संध्याकाळचा कोणता ते दाखव,” बुवा म्हणाले.

पंडित चिडला. “कोडी घालू नका बुवा. मला साधं उत्तर हवंय. माझं काम अडलंय.”

“काय काम?”

पंडितने उंबराकडे बोट केलं. मडकं फांदीला स्थिर लोंबत होतं.

“बावीस दिवस झाले. आई म्हणते, पाठचा भाऊ एकटा तू, अस्थी तूच सोड नदीत. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. तिने अन्न टाकलंय… आणि मला हात लावता येत नाही.”

“का?”

ठोसर सरांनी लसूण सोलायचं थांबवलं.

“त्या दिवशी मी न विचारता जीप नेली होती,” पंडित सांगायला लागला. “मित्रांना फिरवायला. दरवाजाला ओरखडा आला. हा एवढा. अण्णाने सकाळी पाहिला. सगळ्या आळीसमोर माझी गचांडी धरली. म्हणाला…”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, आजपासून तू माझा कोणी नाहीस. मी मेलो तर माझ्या मढ्यालाही हात लावू नकोस.”

नदीचं पाणी दगडांवरून जात होतं, तेवढा आवाज.

“मग तो भाडं घेऊन घाटात गेला. परत येताना एकटाच होता. वरून दरड आली.” पंडितने नाक पुसलं. “मी नाही लावला हात. खांदा नाही दिला. अग्नी चुलत भावाने दिला. मी लांब बांधाला उभा होतो. लोक म्हणाले, कसला दगड आहे हा. पण त्याचा शेवटचा शब्द होता ना बुवा! माणसाचा शेवटचा शब्द मोडायचा कसा?”

त्याने बुवांकडे पाहिलं.

“आता तुम्ही सांगा. तो शब्द खरा होता, तर मी मडक्याला हात लावणार नाही. आईने काहीही करू दे. आणि तो घडीत असा घडीत तसा होता, त्याच्या बोलण्याला अर्थच नव्हता, तर… तर मग जिलबीला पण अर्थ नव्हता. तेव्हा सांगा. एक काय ते सांगा.”

बुवा उठले. उन्हात घातलेला खल त्यांनी उचलला आणि पंडितच्या मांडीशी ठेवला. पिवळ्या गंधकाची पूड त्यात ओतली. वर वाटीतला थोडा पारा सोडला.

“घोट.”

“काय?”

“तुला तो एका जागी थांबायला हवाय ना? घोट. थांबेल.”

ठोसर सर टुणकन उठले. “बुवा, सहा महिने मी खलाला हात लावायची वाट पाहतोय!”

“तुम्हाला काही थांबवायचं नाही, सर. तुम्ही लसूण सोला.”

पंडितने बत्ता हातात घेतला.

पहिला तासभर त्याने रागाने घोटलं. पारा बत्त्याखालून पळत होता, कडेने वर चढत होता, परत तळाशी येऊन हसत होता. पंडित दात ओठ खात त्याच्या मागे लागला. कपाळाचा घाम खलात पडेल म्हणून बुवांनी त्याच्या डोक्याला आपला पंचा बांधला.

“हळू. एकाच दिशेने. मारामारी नाही करायची.”

दुपारी ठोसर सरांनी भाकरी आणि लसणाची चटणी आणून ठेवली. पंडितने खाल्ली नाही. त्याचा हात चालूच होता. पिवळा रंग मळकट झाला, मग राखाडी. पारा आता धावत नव्हता. त्याचे बारीक बारीक डोळे तेवढे पुडीत चमकत होते.

“किती वेळ?”

“चमक दिसेनाशी होईपर्यंत. औषध करायचं तर दिवसचे दिवस लागतात. तुला औषध नाही करायचं.”

ऊन ओसरीवरून खाली उतरलं. अंगणातून गेलं. उंबराच्या बुंध्याशी आलं. खलात आता काळी भुकटी होती. काजळासारखी मऊ. पंडितने बत्ता फिरवला, तरी कुठे काही लखलखलं नाही. खल कलता केला. भुकटी होती तिथेच राहिली.

“थांबला,” तो म्हणाला.

“थांबला.”

“आता उचलता येईल?”

“उचल की.”

पंडितने चिमूट घातली. चिमूटभर काळं बोटांत आलं. सुटलं नाही, पळालं नाही. त्याने ते तळहातावर घेतलं आणि बराच वेळ बघत राहिला.

“हाच पारा?”

“सकाळी तुझ्यासमोरच घातला ना?”

“हो, पण…” पंडितने तळहात उजेडाकडे केला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. “हा तो नाही वाटत.”

“असं कसं? मघाशी तो कुठे ठरत नव्हता. आता ठरलाय. भरवशाचा झालाय. तुला एकच काय ते हवं होतं, हे घे एकच.”

“पण हा काळा आहे बुवा.”

“हो.”

“अण्णा असा नव्हता!”

आपण काय बोललो ते पंडितला बोलून झाल्यावर कळलं. त्याचा हात खाली आला.

बुवांनी खल पुढे ओढला. बोटाने कडेची भुकटी तळाशी लोटली.

“आम्हा लोकांत याला एक नाव आहे,” ते म्हणाले. “असा थांबला, की आम्ही म्हणतो, पारा मेला. थांबवण्याला मारणंच म्हणतात. गुरूंनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं… हलतोय तोवर पारा. थांबलेला दिसला तर कुठल्या जागी थांबला एवढंच तुला कळेल.”

पंडित खलाकडे पाहत होता.

“म्हणजे ते अण्णाचं म्हणणं…”

बुवांनी हात वर केला. पंडित थांबला.

“तुझा भाऊ किती वाजता गेला?”

“दुपारी. एक वाजला असेल.”

“आणि रोज घरी कधी यायचा?”

“दिवेलागणीला.”

“याआधी कधी गचांडी धरली होती?”

पंडितला हसू आलं. बावीस दिवसांत पहिलं. ते आलं आणि तोंडातच मोडलं. “महिन्यातून दोनदा तरी. एकदा तर घराबाहेर काढलं. कपडे अंगणात फेकले. म्हणाला, पुन्हा तोंड दाखवू नकोस.”

“मग?”

“मग काय… मी शाळेच्या पायरीवर जाऊन बसलो. दिवेलागणीला जीप आली. लांब उभी केली त्याने. खाली नाही उतरला. नुसता हॉर्न दिला आणि हाक मारली.”

“काय हाक मारली?”



“पंड्या… जेवलास का रे?”

ठोसर सरांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसायला घेतला. पुसत राहिले.

“दर वेळी हेच?” बुवांनी विचारलं.

“दर वेळी. सकाळचं काही काढायचा नाही. मी पण नाही. जेवलास का, म्हणायचा. मी नाही म्हणायचो. मग चल, म्हणायचा.”

“आधी हाक कोण मारायचं?”

“तोच.”

“तू?”

पंडितने मान हलवली. “मी कधीच नाही. मी बसून राहायचो. तो येणारच, हे माहीत असायचं ना.”

“हं…”

नदीच्या पलीकडे कोणीतरी गुरं वळवत होतं. मागच्या खोलीत बुवांनी दिवा लावला, बाहेर आणला, ओसरीच्या कोनाड्यात ठेवला. कोनाड्याखाली वाटीतला उरलेला पारा होता. दिव्याची ज्योत हलली तशी वाटीत ती हलली.

ठोसर सरांनी घडी घातलेलं पत्र उचललं. घडीत एक बारीक थेंब अडकून राहिला होता. त्यांनी तो हळूच वाटीत सोडला आणि कागद पंडितच्या खिशात सरकवला.

“उत्तर लिहायचंय ना बाईंना?” ते हळू आवाजात म्हणाले.

“नंतर,” पंडित म्हणाला. “तिने बरोबरच लिहिलंय.”

तो उठला. हात काळे झाले होते. अंगणातल्या रांजणातलं पाणी घेऊन त्याने ते धुतले, पुन्हा धुतले आणि उंबराखाली जाऊन उभा राहिला. मडकं त्याच्या छातीच्या उंचीवर होतं. त्याने हात उचलला. वीतभर अंतरावर थांबला.

“बुवा,” तो मागे न बघता म्हणाला, “मढ्यालाही हात लावू नकोस म्हणाला होता.”

“सकाळी म्हणाला होता.”

पंडित तसाच उभा राहिला. हात हवेत. वाऱ्याने मडक्याची दोरी किंचित फिरली, फडक्याचं टोक त्याच्या बोटांना लागून गेलं. त्याने हात मागे घेतला नाही.

“आता काय करू?”

बुवा ओसरीच्या कडेला येऊन बसले. पाय खाली सोडले. नदीच्या वाटेकडे बघत राहिले, जशी कोणाची तरी वाट बघावी.

“दिवेलागण झाली,” ते म्हणाले. “आज त्याला उशीर झालाय. हाक तू मार.”